नरहरीभाऊंचा पदर

“नरहरीभाऊ, थोडं डावीकडे सरका. पदर कापला जातोय,” निधीवहिनी मोबाइलच्या मागून ओरडल्या.

“अहो वहिनी, कोऱ्या साडीला कात्री लावताय की काय?” म्हणत नरहरीभाऊ सरकले आणि खांद्यावरचा जांभळा पदर त्यांनी असा काही हातावर पसरला, की मी माझ्या काउंटरवरून बघतच राहिले. खरं तर पहिल्यांदा बघत होते अशातला भाग नाही. आम्ही दोघांनी एकाच छताखाली निम्मं आयुष्य काढलेलं.

“कुमुदताई, कमेंट वाचा ना!”

ते माझं काम. चष्मा नाकावर चढवून मी वाचायला लागले. “करमाळ्याहून शैलजाताई विचारतायत, भाऊ, मागून कशी दिसते?”

नरहरीभाऊ गर्रकन वळले. बेल्टात खोचलेल्या निऱ्या, पायात मोजे, पुढे सुटलेलं पोट आणि ओठांवर झुपकेदार मिशी. “ही बघा मागून, शैलजाताई! काठ कसा टाचेपर्यंत सरळ उतरलाय बघा. हळदीकुंकवाला नेसून जा, यजमानीणबाई वाण द्यायचं विसरून साडीच बघत बसतील!”

लगेच हसऱ्या तोंडांची आणि बदामांची नुसती रांग लागली. “भाऊ, बुक करा”, “भाऊ, माझी”, “भाऊ, हिरव्यात आहे का?” निधीवहिनी खुशीत येऊन स्टँडमागे टाचा उंचावत होत्या.

आता हे सगळं कुठलं, ते सांगते. बार्शीला ‘कस्तुरी वस्त्रदालन’ म्हणून आमचं दुकान. आमचं म्हणजे शांतिशेठचं. पण मॅचिंगच्या काउंटरवर मी इतकी वर्षं बसलेय, की तेवढ्या चार फुटांपुरतं माझंच. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको, सगळं माझ्याकडे. आणि समोरच्या पांढऱ्या गादीवर नरहरी उबाळे. साडीच्या दुकानात सेल्समन पुरुषच असतात आणि साडी अंगाला लावून तेच दाखवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण बाकीचे लावतात आणि नरहरीभाऊ नेसतात, हा फरक. झटझट पाच बोटांत निऱ्या घेणार, पदर टाकणार, मान जराशी तिरकी करून आरशात बघणार. समोरची बाई म्हणणार, “बांधा!”

हे मोबाइलचं खूळ आणलं शेठच्या सुनेनं. निधीवहिनी पुण्याच्या. लग्न होऊन आल्या, दुकान बघितलं आणि म्हणाल्या, “पप्पा, आपण फेसबुकवर लाईव्ह का करत नाही?” शेठ म्हणाले, “बेटा, मोबाइलमध्ये हात घालून कापड कोण बघणार?” आम्हा नोकरांची तर पाचावर धारण बसली. कॅशवरच्या दिवाणजींनी विचारलं, हे ड्युटीत धरायचं की ड्युटीनंतरचं? इस्माईलभाई साडी दोन्ही हातांनी अशी समोर धरायचे, की मोबाइलात फक्त त्यांची बोटं दिसायची. कुणीतरी कमेंट टाकली, “पडद्यामागे कोण आहे?” ते बिचारे पाणी प्यायच्या निमित्तानं जे गेले, ते लाईव्ह संपेपर्यंत आले नाहीत. मी? मी ठणकावून सांगितलं होतं की माझं तोंड त्यात दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी केस काळे करून आले. लावले सगळ्यांनी हवे ते अर्थ.

मग वहिनींनी सोलापूरहून एक मॉडेल आणली. गोड पोरगी, पण अंगानं अगदी शेवग्याची शेंग. बघणारे पुष्कळ, घेणारं कुणी नाही. एका रविवारी ती आलीच नाही. लाईव्ह सुरू झालेलं, वहिनी रडकुंडीला आलेल्या. नरहरीभाऊंनी सवयीनं हातातली साडी खोचली आणि बोलायला लागले. त्या दिवसापासून पार्सलं बांधता बांधता आमचे हात दुखायला लागले. नगरपासून लातूरपर्यंतच्या बायका भाऊंना ओळखायला लागल्या. भाऊही फुलले. मिशीला तेल लागायला लागलं. मी चिडवायची, “काय हो हिरो, आज कुठल्या रंगात?” ते म्हणायचे, “जळू नकोस, कुमुद. तुलाही घेऊ एखाद्या सीनमध्ये.”

अशात त्यांच्या पूनमचं लग्न ठरलं. पूनम त्यांची एकुलती एक, आईमागे त्यांनीच वाढवलेली. फार्मसी झालेली, बापासारखीच हसरी. मुलगा कुर्डुवाडीच्या घाडग्यांचा, तेजस. सुपारी फुटली, पेढे वाटले, आणि बस्त्याची तारीख तेवढी ठरायची राहिली. बस्ता म्हणजे लग्नाचा कपडा. दोन्हीकडची मंडळी एका गादीवर बसून घेतात. उभ्या जन्मात भाऊंनी दुसऱ्यांचे किती बस्ते बांधले असतील! आता घरचा. माणूस दुकानभर नुसता तरंगत होता.

एके दुपारी मागच्या जिन्यात चहा प्यायला आम्ही बसलो, तर बशीतला चहा तसाच. साय धरली तरी ओठाला नाही.

“काय झालं?” मी विचारलं.

“कुर्डुवाडीहून फोन होता. भगवानरावांचा.”

भगवानराव म्हणजे तेजसचे चुलते. मुलगा लहान असतानाच त्याचे वडील वारले, वाढवलं सगळं यांनी. एका पतसंस्थेचे चेअरमन, गावात मान. त्या घरात शब्द त्यांचाच.

“मग? बस्त्याचं विचारत असतील.”

“चहाच्या हॉटेलात कुणीतरी त्यांना माझा व्हिडिओ दाखवला, कुमुद. म्हणाला, चेअरमनसाहेब, तुमच्या व्याह्यांना सून म्हणून घेताय का काय? सगळं हॉटेल हसलं.” भाऊंनी बशी खाली ठेवली. “मला म्हणाले, उबाळे, तुम्ही चांगले आहात, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण व्याहीभेटीला मी तुमच्या गळ्यात हार घालीन, तेव्हा मांडवात कुणी हसलं तर माझ्या पुतण्याला ते जन्मभर ऐकावं लागेल. बस्त्याच्या आधी ते सगळं बंद करा. नाहीतर आपण इथेच थांबू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “थांबू म्हणजे? सुपारी फुटलीय! आणि वाईट काय केलंत तुम्ही? दुकानात शेकडो बायकांसमोर रोज नेसता, तेव्हा कुणाच्या बापाचं काही जात नाही. मोबाइलात गेलं की लगेच अब्रू जाते होय?”

भाऊ म्हणाले, “दुकानात बाई साडी बघते, कुमुद. मोबाइलात माणसं मला बघतात.”

मी दोन्ही बशा उचलल्या आणि विसळायला नेल्या.

संध्याकाळी पूनम आली तीच तणतणत. तिला तेजसनंच सांगितलं असावं. गिऱ्हाईक आहे-नाही बघितलं नाही, गादीच्या कडेला उभी राहून म्हणाली, “बाबा, ज्यांना तुमचं काम चालत नाही त्यांच्या घरी मला जायचं नाही. कळवून टाका त्यांना.”

“तेजस आवडलाय का तुला?”

“तो प्रश्नच नाहीये.”

“तोच आहे. आवडलाय का?”

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. डोळे भरलेले.

“मग झालं तर,” भाऊ म्हणाले आणि साडीची घडी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निधीवहिनींना सांगितलं. वहिनी मनानं चांगली मुलगी. एका शब्दानं वाद घातला नाही, भाऊंचे सगळे व्हिडिओ एकेक करून पुसून टाकले. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, पण लोकांनी पुढे पाठवलेत ते मी कुठून गोळा करू?” मी भगवानरावांशी बोलू का, असंही विचारलं. भाऊ नको म्हणाले.

मला वाटलं, चला, लाईव्ह गेलं, दुकान तर आहे. पण कसलं काय! गादीवरसुद्धा त्यांनी साडी अंगाला लावायचं सोडलं. गिऱ्हाइकानं नुसता फोन घ्यायला मोबाइल बाहेर काढला, तरी हे दचकायचे. साडी खाली चादरीसारखी पसरायची आणि लांबून बोटानं काठ दाखवायचा. ओळखीच्या बायका म्हणायच्या, “भाऊ, लावून दाखवा ना.” हे म्हणायचे, “मान धरलीय.” मान धरलीय, मान धरलीय! शेवटी एक बाई घरून तेल घेऊन आली. मी हसले, पण खरं सांगते, आतून तुटत होतं. बायका बघायच्या, चाचपायच्या आणि “येतो जरा फिरून” म्हणून उठायच्या. शेठ दोनदा माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेले, नरहरीला आता गोडाऊनमध्ये बसवायचं का, वय झालं वाटतं त्याचं. वय कसलं झालंय! ज्या कामाच्या जोरावर माणूस ताठ उभा होता, ते काम त्यानं मुलीसाठी काढून ठेवलं होतं. आणि एवढं करूनही लग्न पार पडेल की नाही, याची धाकधूक होतीच. बस्ता होईपर्यंत भगवानरावांचा होकार काही पक्का नव्हता.

बस्ता कुठे करायचा यावरूनही घाडग्यांच्या घरात म्हणे जुंपली. भगवानरावांना सोलापूरला जायचं होतं. पण त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, हट्ट धरला: बस्ता बार्शीला, आणि तोही कस्तुरीतच. का, ते कुणाला कळेना.

ठरल्या दिवशी मंडळी आली. भगवानराव पुढे, पांढरे कपडे, इस्त्री अशी की बसताना मोडायची भीती वाटावी. मागे सुमनकाकू, चांगल्या भरल्या अंगाच्या. त्यांच्या मागे तेजसची आई, लीलाताई. साधी, अबोल बाई. तेजस आणि पूनम एकमेकांकडे न बघण्याचं नाटक करत होते. आणि नरहरीभाऊ! नवी टोपी, कोट, हात जोडलेले. आयुष्यात पहिल्यांदा गादीच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले होते. बसता येईना त्यांना. मांडी घालत, सोडत, परत घालत.

भगवानरावांनी टेकता टेकताच विचारलं, “मोबाइल-बिबाइल काही चालू नाही ना इथे?”

“नाही, काका,” निधीवहिनी म्हणाल्या.

“असं करू, सगळ्यांचेच इथे ठेवू. उगाच कटकट नको.” म्हणून त्यांनी स्वतःचा मोबाइल काढून दिवाणजींच्या ड्रॉवरमध्ये टाकला. मग काय, सगळ्यांनीच टाकले.

शालू दाखवायला इस्माईलभाई. त्यांची तीच जुनी तऱ्हा: साडी समोर धरायची, मागे आपण गडप. एक झाला, दोन झाले, ढीग लागला. लीलाताई म्हणायच्या, “चांगलाय, पण अंगावर कसा दिसेल?” सुमनकाकू म्हणायच्या, “पदर नीट कळत नाही.” पूनमला तर बोलायचंच नव्हतं. नरहरीभाऊंचे हात मांडीवर नुसते वळवळत होते. इस्माईलभाईंनी एका शालूचा काठ उलटा धरला, तेव्हा ते अर्धवट उठले आणि परत बसले. भगवानराव घड्याळ बघून म्हणाले, “मी सांगत होतो, सोलापूरला जाऊ.”

माझं लक्ष मघापासून दुसरीकडेच होतं. सुमनकाकूंच्या साडीकडे. मोहरीच्या फुलासारखा पिवळा रंग, काठ गर्द बाटलीहिरवा. साडी काय, कुठेही मिळेल. पण तो ब्लाउज? तसलं हिरवं बार्शीत मिळेना म्हणून मी दोन वेगळ्या तुकड्यांचा जोड लावून बाहीला काठ शिवून दिला होता. एकाच पार्सलला. स्वतःच्या हाताचं काम माणूस विसरत नाही.

मी पाण्याचा ट्रे घेऊन गेले. “काकू, साडी फार खुलून दिसतेय हो तुम्हाला. कुठली?”

सुमनकाकूंनी आधी नवऱ्याकडे बघितलं. “ही ना... माहेरची.”

“हो, वहिनीनं दिली तिच्या,” भगवानराव म्हणाले.

“अगंबाई! मग तुमच्या वहिनीची आवड फार चांगली. आणि ब्लाउजही त्यांनीच शिवून घेतला का? बाहीला जोड आहे बघा, दिसतोय? तो जोड मी लावलाय.”

काकूंच्या तोंडावर एक रंग आला, एक गेला. मग बाईनं पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि सरळ नवऱ्याकडे वळून बसली.

“घेतली मी इथून! लाईव्ह बघून घेतली. आणि ही एकच नाही, दिवाळीची मोरपंखीही इथलीच. दर रविवारी तुम्ही पतसंस्थेच्या मीटिंगला गेलात की मी आणि लीलाताई बघायचो. आता बोला!”

भगवानराव लीलाताईंकडे बघायला लागले. लीलाताईंनी मान खाली घातली, पण ओठ हसत होते.

“अगं, पण... त्यांना बघून?” भगवानरावांनी नरहरीभाऊंकडे बोट केलं.

“त्यांनाच बघून! ती सोलापूरची काडी पोरगी नेसायची, तेव्हा कधी घेतली मी? तिला काय, पोतं गुंडाळलं तरी शोभेल. भाऊंच्या पोटावर ज्या निऱ्या नीट बसतात, त्या माझ्या पोटावर बसतात. ज्या खांद्यावर पदर राहतो, तसाच माझा खांदा आहे. इतक्या वर्षांत कुणी मला माझ्या मापाची साडी दाखवली होती का? तुम्ही कधी आणलीत?”

तेजसला ठसका लागला. इस्माईलभाई साडीमागे हलत होते, म्हणजे हसतच असणार. पण भगवानराव हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “सुमन, हॉटेलात लोक हसले. तुला नाही कळायचं ते. मी या पोराला कुणासमोर मान खाली घालू दिलेली नाही आजवर.”

खोटं बोलत नव्हता माणूस. नरहरीभाऊ घाईनं म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. मी सोडलंय सगळं. विषय नको.”

तेव्हा लीलाताई बोलल्या. सकाळपासून पहिल्यांदाच धड बोलल्या असतील.

“भावजी, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पण एक विचारते. हॉटेलात जे हसले, त्यांच्यातला कुणी घरी बायकोसाठी साडी घेऊन गेला का हो त्या दिवशी?” मग त्या नरहरीभाऊंकडे वळल्या. “भाऊ, तुम्ही सगळ्या गावाच्या लेकींना शालू दाखवलेत. माझ्या सुनेला दाखवणार नाही?”

भाऊंनी भगवानरावांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. पूनमनं खालच्या चादरीचं टोक मुठीत धरलं होतं. भगवानरावांनी घसा खाकरला, इस्त्रीचा सदरा खाली ओढला, टोपी सारखी केली.

“बघता काय माझ्याकडे?” ते म्हणाले. “दाखवा. सोलापूरला जायला आता वेळ कुठे उरलाय.”

नरहरीभाऊ उठले. कोट काढला, टोपी माझ्या हातात दिली. ढिगातला एकही शालू त्यांनी घेतला नाही. वरच्या फळीवरचा एक डाळिंबी रंगाचा उतरवला. कधीचा हेरून ठेवला असेल, देव जाणे! एक टोक बेल्टात खोचलं, पाच बोटांत निऱ्या आल्या, पदर हवेतून खांद्यावर आला. इतक्या दिवसांची धरलेली मान एका क्षणात सुटली. मान तिरकी करून ते आरशाकडे वळले.

आता काहीतरी बोलतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. या माणसानं मुकाट्यानं साडी कधी दाखवलीच नव्हती. पण शब्दच फुटेना. आरशात ते त्या शालूकडे बघत होते, आणि मागे आरशातच पूनम बसलेली दिसत होती. हाच नेसून ती मांडवात उभी राहणार, हाच नेसून जाणार. मिशी थरथरायला लागली आणि माणूस भरदुकानात ढसाढसा रडायला लागला. सुमनकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझं तर विचारूच नका.

पूनम उठली. तिनं शालू मागितला नाही, सोडवलाही नाही. बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावरचा पदर अलगद उचलून तिनं आपल्या डोक्यावरून घेतला. निऱ्या बापाच्या कमरेला, पदर लेकीच्या डोक्यावर, आणि दोघंही आरशात.

भगवानरावांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा. ड्रॉवर त्यांनीच भरायला लावला होता. त्यामुळे त्या घडीचा फोटो कुणाकडेच नाही. ना घाडग्यांकडे, ना उबाळ्यांकडे, ना निधीवहिनींकडे. म्हणून मला तोंडानं सांगावं लागतं.

“इस्माईलभाई,” भगवानराव म्हणाले, “हाच बांधा.”

इस्माईलभाई घडी घालायला दोन्ही हात पुढे करून कितीतरी वेळ उभे राहिले. पण त्या दोघांच्या अंगावरून तो काढून घ्यायला काही कुणी पुढे होईना.